चौदा झाडांचं बी

कोलोन,
७ नोव्हेंबर २०१४

अहो,
सा. न. वि. वि.

पत्रावर तीर्थरूप लिहावं की श्रीयुत, हे लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही 'अहो'ला ओ देता, तेव्हा तेच बरं.

तुमचं दिवाळीतलं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि शेजारचा दत्ता माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगतो ते अख्ख्या वाडीला कळतं. त्यापेक्षा दहा दिवस लागले तरी पत्र चांगलं. कलमांना मोहर कुठे दिसायला लागला का, ते लिहा. माझ्या परसातल्या वालीला पाणी घालताय ना, तेही खरं खरं लिहा.

इथे सगळं ठीक आहे. आपला हृषिकेश सोमवारी पहाटे गेर्लिंगेनला कामावर जातो तो शुक्रवारी रात्री उगवतो. ऊर्मिला या सोमवारपासून कसल्याशा कोर्सला फ्रायबुर्गला गेली आहे, मंगळवारी येईल. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि वरच्या मजल्यावर फ्राऊ श्मिट्झ. त्या दर वाक्याला या, या आणि गेनाऊ म्हणतात, म्हणजे हो, हो आणि अगदी बरोबर. मीही म्हणते. दोघींना एकमेकींचं काही कळत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. सोमवारी ती गेल्यावर मी फ्रिज साफ करायला घेतला. तर भाजीच्या कप्प्यात तळाला एक मोठी पिशवी, आत ओला भुसा आणि त्या भुशात चौदा बारक्या जाळीच्या पिशव्या, प्रत्येकीत मूठभर बिया. बी लांबट सुपारीएवढं, साल काजूच्या बीसारखी कडक. दोन-चारांवर चक्क बुरशी. हे तेच बी, जे गेल्या आठवड्यात ऊर्मिला आपल्या पीएच. डी.च्या मॅडमबरोबर पोर्तुगालात जाऊन घेऊन आली. आली तेव्हा 'आई, चौदाच्या चौदा झाडांचं मिळालं' म्हणून लहान मुलीसारखी हरखली होती. आणि पोरीनं ते ओल्यात कोंबून ठेवलं. शिकल्यासवरल्या सुनेला एवढंही कळू नये?

मी सगळं बी काढलं, धुतलं, पुसलं. ऊन म्हणाल तर इथे नोव्हेंबरात औषधालाही नाही, म्हणून भिंतीला खोली गरम करणारी ती लोखंडी हायत्सुंग असते, तिच्यावर फडकं टाकून तीन दिवस खडखडीत वाळवलं. फ्राऊ श्मिट्झकडे लाकडाची शेगडी आहे, तिथून वाटीभर राख मागून आणली. काय हवंय ते कळायला त्यांना पंधरा मिनिटं लागली, आणि कशाला हवंय ते तर अजून कळलेलं नाही. राख चोळून, बरोबर आणलेला कडुलिंबाचा पाला घालून बी स्टीलच्या डब्यात भरून ठेवलंय. आता वर्षभर कीड लागायची नाही. मंगळवारी ती आली की डबा पुढे ठेवणार आहे. या घरात आल्यापासून नुसतं बसून खातेय असं वाटत होतं, आज बरं वाटलं.

औषधं वेळेवर घ्या. माझी आठवण येत नाही असं मागच्या पत्रात लिहिलंत, ते दोनदा लिहिलंत, म्हणून समजलं.

तुमचीच,
प्रभा


कोलोन,
१५ नोव्हेंबर २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला निराळं पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. हे पत्र आईंना माहीत नाही, आणि कृपा करून माहीत होऊ देऊ नका.

मी ज्यावर पीएच. डी. करते आहे ते झाड म्हणजे बाटलीचं बूच ज्याच्या सालीपासून होतं तो ओक. आपल्याकडे बूच म्हणतात ते पांढऱ्या फुलांचं झाड वेगळं. याची साल दर नऊ वर्षांनी सोलून काढतात, झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. पोर्तुगालच्या दक्षिणेला एका लहान खोऱ्यात अशी शेकडो झाडं होती. मुळं कुजायचा रोग आला आणि दहा वर्षांत सगळी गेली, चौदा उरली. त्याच मातीत, त्याच रोगात ती का तगली, हेच मला शोधायचं आहे. त्यांच्या पानांच्या डीएनएमध्ये काही गोष्टी अशा सापडल्या की त्या दुसऱ्या कुठल्याच रानातल्या झाडांत आम्हाला मिळाल्या नाहीत.

तुम्हाला हे समजावून सांगायला नको. तुमच्या बागेत हापूसची तीनशे कलमं आहेत, पण तुम्हीच म्हणता ना, की ते एकच झाड तीनशे ठिकाणी उभं आहे, एकाला रोग लागला तर तीनशेंना लागेल. हे ओक रायवळ आंब्यासारखे आहेत. चौदांतला प्रत्येक वेगळा. एखादा गेला, तर त्याच्यासारखा दुसरा नाही. म्हणून चौदा पिशव्या, म्हणून प्रत्येक पिशवीवर नंबर.

आणि याचं बी आंब्याच्या कोयीसारखं असतं. सुकलं की मेलं. संस्थेची थंड खोली दुरुस्तीला काढली होती म्हणून मी पिशवी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवली आणि फ्रायबुर्गला गेले. आईंना ट्राम कशी पकडायची ते सांगितलं, कचऱ्याच्या चार पेट्यांचे रंग सांगितले, पिशवीबद्दल सांगायचं राहिलं. एक चिठ्ठीही लावली नाही.

मंगळवारी आले. इथे अकरा नोव्हेंबरला कार्निव्हल सुरू होतो, स्टेशनात विदूषक आणि मधमाश्या झालेली माणसं गाणी म्हणत होती. त्यांच्यातून वाट काढत घरी पोचले तर आईंनी आधी चहा दिला आणि मग तो डबा उघडला. बाबा, त्यांचा चेहरा इतका खुलला होता. मी म्हणाले, आई, छान केलंत. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

बी रात्रभर पाण्यात ठेवलं. एकशे अडतीस होतं. एकशे एकोणतीस तरंगलं, नऊ बुडलं. ते नऊ लावलंय. आईंना सांगितलं की सगळंच लावलं. माझ्या मॅडमना, फ्राऊ हाल्बाखना, सांगितलं की पिशवी मीच फ्रिजबाहेर विसरले. त्यांनी ते तसंच संस्थेच्या वहीत माझ्या हातानं लिहायला लावलं. माझं काम पुढे न्यायचं की दुसऱ्या कुणाला द्यायचं, ते जानेवारीत सांगणार आहेत. हृषिकेशलाही मी यातलं काही बोललेले नाही.

आईंना का सांगत नाही, ते तुम्हाला कळेल. वाडीत पेरणीच्या आधी सगळ्या बायका बियाणं मागायला त्यांच्या दारात येतात. इथे त्यांना धड दूधसुद्धा बोलून आणता येत नाही. आल्यापासून त्यांनी एवढी एकच गोष्ट स्वतःच्या भरवशावर केली. ती चुकली असं मी कुठल्या तोंडानं सांगू? त्यांनी तुम्हाला लिहिलं असेल, तर उत्तरात फक्त कौतुक करा. झाकली मूठ राहू दे.

आपली प्रकृती जपा, आणि या मुलीवर राग धरू नका.

आपली आज्ञाधारक,
ऊर्मिला


॥ श्री ॥
कातळवाडी, ता. राजापूर
१८ नोव्हेंबर २०१४

सौ. प्रभेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि जेवण गेलं नाही. अगं, काय करून बसलीस? जे बी थंडीत, ओल्यात, नंबर घालून ठेवलेलं असतं ते कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. अडतीस वर्षं माझ्या घरात आहेस. कोय मी पंधरा दिवसांच्या आत, ओली असताना मातीत घालतो, ते काय हौस म्हणून? फणसाची आठळी वाळवून पेरलेली कधी पाहिलीस? मोठं, मांसल बी वाळलं की मेलं. तू वाल आणि भोपळ्याचा हिशेब रानातल्या झाडाला लावलास. करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती.

सुनेला आत्ताच्या आत्ता सांग. बी पाण्यात टाका, बुडेल तेवढं लावा, आडवं लावा. जे तरंगेल ते तू मारलंस असं समज.

परसातल्या वालीला पाणी घालतो आहे. मोहर अजून नाही.

राजाभाऊ


कातळवाडी,
२५ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. ऊर्मिलेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पोरी, फार उशीर झाला. माझं पत्र आठवड्यापूर्वीच गेलं. त्यात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. कलम करताना मी कधी घाई करत नाही, पण कागदावर हात सुटला. एक वाक्य तर असं आहे की ते परत घ्यायला मी चालत जर्मनीला आलो असतो.

पत्रपेटीची किल्ली तुझ्याकडे असेल तर ते पत्र काढून घे आणि फाडून टाक. निळ्या-लाल कडेचं पाकीट आहे, त्यावर मी हापूसच्या पेटीसारखी दोन्हीकडून चिकटपट्टी लावली आहे. तिच्या नावाचं पत्र लपवायला सांगतो आहे, याची मला लाज वाटते. तरी सांगतो.

आता एक माझ्या मनातलं. तू तिची चूक स्वतःवर घेतलीस. तुझ्या मनाचा मोठेपणा मला कळला. पण तुमच्या मॅडमना खोटं सांगितलंस ते मला पटलं नाही. नर्सरीत रोप मेलं तर चालतं. कुणाच्या हातून, कशानं मेलं हे खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मरतं. मी म्हातारा माणूस, जुनं बोलतो. राग मानू नकोस.

त्या नऊ बियांवर माती दाबू नकोस, पाणी बेतानं घाल. कोंब आला की मला एक ओळ टाक.

तुझा,
बाबा


कोलोन,
१० डिसेंबर २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. पेटीची किल्ली माझ्याकडे नाही, ती आईंच्या गळ्यातल्या साखळीत असते. रोज अकराला पिवळ्या सायकलवरची पोस्टवाली येते तेव्हा त्या दारात उभ्या असतात. तुमचं आधीचं पत्र त्यांना कधीच मिळालं होतं. मला मात्र काही माहीत नव्हतं, कारण त्या काही बोलल्याच नाहीत. थालीपीठ लावलं, हृषिकेशचा स्वेटर उसवून पुन्हा विणला. एकदा विचारलं, तुझ्या संस्थेला कितवी ट्राम जाते. मला वाटलं, फिरायला जायचं असेल.

काल मंगळवारी फ्राऊ हाल्बाखनी मला खोलीत बोलावलं. आत गेले तर खुर्चीवर आई. जरीची निळी साडी, वर माझा कोट, पायात बूट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. ट्राम बदलून, बर्फाळ पावसात चालत एकट्या आल्या होत्या. चार इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून पाठ केली होती, ती त्यांनी मॅडमना म्हणून दाखवली. बी मी वाळवलं. सून घरी नव्हती. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. तिचं काम काढून घेऊ नका.

मॅडमनी मला विचारलं, हे खरं का. मी हो म्हटलं. त्या माझ्यावर खूप रागावल्या, आईंच्या देखतच. म्हणाल्या, मेलेलं बी मी समजू शकते, माझ्या वहीत खोटी नोंद मी समजू शकत नाही. अगदी तुमचं वाक्य, फक्त जर्मनमध्ये. आईंना शब्द कळले नाहीत पण सूर कळला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मग मी सगळं खरं सांगितलं. नवांपैकी पाच बियांना मूळ फुटलं आहे. बी सगळं एकत्र झालं असलं तरी कुठलं कुठल्या झाडाचं ते ओळखता येतं, कारण बीची वरची साल ही आईझाडाचीच असते, तिची तपासणी करता येते. ती केली. पाचही रोपं दोनच झाडांची आहेत. चौदांपैकी बारा झाडांचं बी गेलं.

आईंनी मला विचारायला सांगितलं की या झाडाला एकदाच फळ धरतं का. आपल्याकडे आंब्याला मागाहून मोहर येतो तसं काही नाही का. मॅडम म्हणाल्या, याला डिसेंबर-जानेवारीत सरतीची फळं पडतात, पण ती बारीक, निम्मी किडकी, म्हणून आम्ही ती कधी गोळा करत नाही. आई म्हणाल्या, निम्मी किडकी म्हणजे निम्मी चांगली. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी कॅलेंडर उघडलं.

शनिवारी निघतो आहोत. मी आणि आई. मॅडम येत नाहीत, त्यांनी फक्त एवढं विचारलं की तुमच्या सासूबाईंना चांगलं आणि किडकं बी हातानं ओळखता येतं का. मी म्हटलं, पूर्ण वाडीत त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. माझं पुढे काय करायचं, ते त्या आम्ही परत आल्यावर सांगणार आहेत.

आईंनी तुम्हाला लिहिलेलं नाही, असं दिसतं. तुम्ही काळजीत असाल म्हणून मी लिहिते आहे. त्या रागावलेल्या नाहीत. नेमकं काय आहे ते मलाही सांगता येणार नाही.

आशीर्वाद असू द्यावा, तो आत्ता फार लागणार आहे.

आपली,
ऊर्मिला


कोलोन,
२१ डिसेंबर २०१४

अहो,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मला २८ नोव्हेंबरला मिळालं. उत्तराला तीन आठवडे लावले, कारण मी रागावले होते. तुमच्यावर दोन दिवस, नंतर माझ्यावर. 'तू मारलंस' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. पहिल्यांदा वाटलं, काय हा माणूस, एवढ्या लांब माझ्यापाशी कुणी नाही हेही याला सुचलं नाही. मग ऊर्मिलेकडे पाहिलं. ती रोज संध्याकाळी दमून यायची, हसून सांगायची की आई, बी छान आहे, आणि जेवण अर्धं टाकून उठायची. एका रात्री फोनवर ती मॅडमना इंग्रजीत 'चूक माझीच, माझं काम काढून घेऊ नका' म्हणत होती, तेवढं मला समजलं. तेव्हा कळलं की खरं तुम्हीच बोललात. तिनं माझी लाज राखली आणि त्यापायी स्वतःचं काम घालवायला निघाली होती. पोटची मुलगी असती तर तोंडावर भांडली असती.

मी आंब्याची कोय विसरले नव्हते हो. मला ते बी काजूसारखं वाटलं. काजूची बी आपण वाळवूनच ठेवतो ना. पण विचारलं नाही, हे खरं. चाळीस वर्षांत मला बियाण्याबद्दल कुणाला काही विचारावंच लागलं नव्हतं.

पोर्तुगालला चार दिवस होतो. खोरं आपल्या सड्यासारखंच, उघडं आणि वाऱ्याचं. झाडं सोललेली, खाली खोड तांबडं आणि वर करडं, जणू कुणी गुडघ्यापर्यंत धोतर वर खोचून उभं आहे. रानडुकरं येतात म्हणून पहाटे जायचं. मी प्रत्येक झाडाखाली गुडघे टेकून वेचलं. बी चिमटीत धरून दाबलं की किडकं लगेच कळतं, आत पोकळ लागतं. ऊर्मिलेनं दहा-बारा फोडून पाहिली, एकदाही चुकले नाही. एका झाडाचं दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी हात धुतले. ती म्हणाली, आई, त्याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.

नऊ झाडांचं मिळालं. दोन झाडांची रोपं इथे आहेत, म्हणजे अकरा झाली. उरलेल्या तिघांपैकी दोघांखाली काही नव्हतं, ती पुढच्या वर्षी धरतील कदाचित. तिसरं, सहा नंबरचं, वाळून गेलं होतं. ऑक्टोबरात ऊर्मिलेनं त्याच्याखालून अकरा बिया वेचल्या होत्या, त्याची ती शेवटची. त्याच्या पानांचं सगळं टिपण संस्थेत आहे म्हणतात. पण टिपणाला काही पालवी फुटत नाही. मी त्या झाडाला हात लावून उभी राहिले. तुमच्यापाशी नाही सांगायचं तर कुणापाशी सांगू, तिथे मी खूप रडले. ऊर्मिला लांब उभी राहिली, जवळ आली नाही, ते तिनं बरं केलं.

परवा संस्थेत गेलो. मॅडमनी ऊर्मिलेचं काम तिच्याकडेच ठेवलं. पण आधी वही काढली आणि तिची खोटी ओळ तिच्याच हातानं एक रेघ मारून खोडायला लावली. खाली खरं लिहायचं होतं. ऊर्मिलेनं स्वतःचं लिहिलं की घरी ठेवलं, सूचना दिली नाही. पुढे ती थांबली. मी म्हटलं, लिही. तिनं नुसतं 'घरातल्या व्यक्तीनं' असं काहीतरी लिहायला घेतलं. मी तिचा हात धरला आणि पूर्ण नाव लिहायला लावलं. प्रभा राजाराम पळसुले, हिनं वाळवलं.

मग तिला ते मोठ्यानं वाचायला सांगितलं. अहो, घराच्या दारावर तुमचं नाव, सातबाऱ्यावर तुमचं, कलमांच्या पाटीवर तुमचं. मी बियाणं वाडीभर वाटलं, त्याच्या पुडीवर कधी नाव घालावं असं मला किंवा कुणाला सुचलं नाही. माझं नाव पहिल्यांदा एखाद्या वहीत लागलं ते मेलेल्या झाडासमोर. नंतर मॅडमनी नव्या बियांच्या नऊ ओळींवरही, कुणी वेचलं त्या रकान्यात, ऊर्मिलेबरोबर माझं नाव लिहिलं. त्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ते मी वाचून घेतलं नाही.

आठ जानेवारीला निघते. वाडीत माझ्या जर्मनीच्या गोष्टी ऐकायला बायका येतील. बियांची गोष्ट तुम्ही आधी कुणाला सांगू नका, दत्तालाही नाही. ती मी सांगणार आहे, ओटीवर बसून, सहा नंबरपासून.

तोवर माझ्यावर जो काही लोभ आहे तो सांभाळून ठेवा, आल्यावर मोजून घेईन.

तुमची,
प्रभा